कॅप्स लॉक : एका कळीचा पूर्वेतिहास व बंदोबस्त



संगणकाच्या कळफलकावर डाव्या करंगळीच्या अगदीं शेजारीं, इंग्रजी ‘ए’ अक्षराला लागून, एक रुंद कळ असते. तिच्यावर ‘कॅप्स लॉक’ असें लिहिलेलें असतें. ती एकदां दाबली कीं पुढें उमटणारीं सारीं रोमी अक्षरें मोठ्या वळणाचीं, म्हणजे आमच्या शाळांतून जिला पहिली लिपि म्हणत त्या लिपींतलीं, उमटूं लागतात. आणि ती पुन्हां दाबीपर्यंत हा क्रम चालू राहतो. मुद्दाम दाबली असेल तर तक्रार नाहीं. परंतु पुष्कळांच्या हातून ती दाबली जाते ती न कळत. करंगळी ‘ए’कडे किंवा खालच्या शिफ्टकडे जात असतां वाटेंत ही कळ लागते, दृष्टि बाजूच्या कागदावर खिळलेली असते, आणि मान वर करून पाहावें तों पडद्यावर मोठ्या अक्षरांच्या दोन ओळी उभ्या ठाकलेल्या दिसतात.

दोन ओळी पुसून पुन्हां लिहिणें ही कांहीं मोठी आपत्ति नव्हे. खरी अडचण येते ती जेथें लिहिलेलें दिसत नाहीं तेथें. संगणकास आपली ओळख पटविण्यासाठीं जो परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, द्यावा लागतो तो पडद्यावर अक्षरांत न दिसतां ठिपक्यांत दिसतो. मोठ्या अक्षराचा ठिपका आणि लहान अक्षराचा ठिपका सारखाच. यंत्राच्या लेखीं मात्र तीं दोन अक्षरें सर्वस्वीं भिन्न. माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ रुग्णालयांत असलेल्या पत्नीसाठीं बँकेंतून पैसे पाठवावयास संगणकासमोर बसले. त्यांच्या आधीं घटकाभर नातू तेथें बसून गेला होता आणि ही कळ चालू ठेवून उठला होता. गृहस्थांनीं पासवर्ड दिला. तो चुकीचा ठरला. पुन्हां दिला, तिसऱ्यांदा दिला. आणि बँकेच्या नियमाप्रमाणें खातें त्या दिवसापुरतें बंद झालें. पैशांची सोय शेजाऱ्यांनीं केली, तो भाग निराळा. परंतु त्या गृहस्थांच्या मनानें घेतलें तें असें कीं आपली स्मरणशक्ति आतां गेली. चार दिवस ते कोणाशीं धड बोलले नाहींत. कळीवरचा दिवा नातवानें दाखविल्यावर कुठें त्यांचा जीव भांड्यांत पडला. यंत्राच्या एका खोडीमुळें मनुष्यानें स्वतःच्या बुद्धीवर अविश्वास ठेवावा, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. आणि म्हणूनच एवढ्याशा कळीवर आज इतका वेळ खर्च करावयाचें मीं ठरविलें आहे.

जिचें काम क्वचित् पडतें तिला इतकी मोक्याची जागा कोणीं दिली व कां दिली? याचें उत्तर शोधावयास सुमारें दीडशें वर्षें मागें, अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानच्या मिलवॉकी शहरीं जावें लागतें. तेथील मुद्रक व वृत्तपत्रकार क्रिस्टोफर लॅथम शोल्स यांनीं कार्लोस ग्लिडन व सॅम्युअल सूल या सहकाऱ्यांसह २३ जून १८६८ रोजीं एका लेखनयंत्राचें पेटंट घेतलें. पुढें तें यंत्र बंदुका व शिवणयंत्रें करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीनें न्यूयॉर्क संस्थानांतील इलियन गांवच्या कारखान्यांत तयार करून १८७४ सालीं बाजारांत आणिलें. आज टाइपरायटर म्हणून जें आपण ओळखतों त्याचा हा पूर्वज. याच्यावर फक्त मोठीं अक्षरें होतीं. म्हणजे आज जी चूक समजली जाते ती त्या यंत्राची स्वाभाविक स्थिति होती.

१८७८ सालीं रेमिंग्टनचें दुसऱ्या क्रमांकाचें यंत्र निघालें व त्यानें हा प्रकार बदलला. टाइपरायटरांत प्रत्येक कळीला एक दांडी जोडलेली असते आणि दांडीच्या टोकास अक्षराचा खिळा असतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. नव्या यंत्रांत त्या टोकास एकाऐवजीं दोन खिळे बसविले, एक लहान अक्षराचा व एक मोठ्याचा. शिफ्टची कळ दाबली कीं कागद गुंडाळलेला रूळ किंचित् सरके. दांडी तीच, तिची फेकही तीच. परंतु कागदाला भिडे तो दुसरा खिळा. शिफ्ट या शब्दाचा अर्थच मुळीं सरकविणें असा आहे. आजच्या संगणकांत कांहींएक सरकत नाहीं, तरी नांव तेंच राहिलें. अशीं जुनीं नांवें या विषयांत पावलोपावलीं भेटतात. मोठ्या अक्षरांस इंग्रजींत ‘अप्पर केस’ म्हणतात तें छापखान्यांतील खिळे जुळविणाऱ्याच्या दोन पेट्यांवरून. मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटींत असत आणि लहानांचे खालच्या.

शिफ्टचा हा मार्ग एकमेव नव्हता, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. कॅलिग्राफ या यंत्रानें व त्यामागून स्मिथ प्रीमियर या यंत्रानें निराळाच विचार केला होता. त्यांनीं लहान अक्षरास एक कळ आणि मोठ्या अक्षरास दुसरी कळ अशी दुहेरी मांडणी केली. फलक मोठा झाला खरा. परंतु तेथें शिफ्ट नव्हती, म्हणून शिफ्टला अडकविणारें कुलूपही नव्हतें, आणि न कळत मोठीं अक्षरें उमटत राहण्याचा संभवच नव्हता. जो बंदोबस्त आज आपण धुंडाळतों तो त्या यंत्रांच्या घडणींतच होता. २५ जुलै १८८८ रोजीं सिनसिनाटी शहरीं या दोन पंथांची जाहीर परीक्षा झाली. रेमिंग्टनवर सॉल्ट लेक सिटीचे फ्रँक मॅकगरिन हे न्यायालयांतील लघुलेखक बसले, कॅलिग्राफवर लुई ट्राउब हे टंकलेखनाचे शिक्षक. मॅकगरिन यांना कळफलक तोंडपाठ होता. दाही बोटें चालवून, फलकाकडे न पाहतां ते लिहीत, आणि त्यांनीं ट्राउब यांस सहज मागें टाकिलें. जिंकली ती वस्तुतः न पाहतां लिहिण्याची पद्धति. परंतु तिच्याबरोबर शिफ्टच्या यंत्राचीही कीर्ति झाली. बोटांच्या आवांक्यांत राहणारा लहान फलक हवा असेल तर एका कळीकडून दोन अक्षरांचें काम घेणें ओघानेंच आलें. हळूहळू दुहेरी फलकाचीं यंत्रें मागें पडलीं.

आतां कुलपाची गरज कशी उत्पन्न झाली तें पाहूं. रूळ व त्याला धरणारी गाडी हीं लोखंडी आणि वजनदार असत. शिफ्ट दाबणें म्हणजे तें सारें ओझें एका बोटानें हलविणें, आणि तें बोट कोणतें, तर करंगळी, हातांतलें सर्वांत दुबळें. वाक्याच्या आरंभींच्या एका अक्षरापुरतें तें ठीक. परंतु मथळा, कंपनीचें नांव, दस्तऐवजांतील पक्षकारांचीं नांवें अशी एखादी ओळच्या ओळ मोठ्या अक्षरांत काढावयाची असली, तर तें ओझें तेवढा वेळ उचलून धरणें हा हातावर जुलूम होता. त्यावर उपाय म्हणून शिफ्टला एक खटका बसविण्यांत आला. तो लागला कीं शिफ्ट दाबलेल्या अवस्थेंत अडकून राही व बोट मोकळें होई. हाच शिफ्ट लॉक. तालुक्याच्या गांवांतील टायपिंगच्या वर्गांत ज्यांनीं कधीं बोटें झिजविलीं असतील त्यांना तो खटका व त्याचा आवाज आठवत असेल.

या खटक्याचे गुण बारकाईनें ध्यानांत घ्यावयास हवेत, कारण पुढें तेच एकामागून एक हरवले. तो लावावयास जोर लागे, म्हणून ओझरता स्पर्श झाल्यानें लागत नसे. लागतांना आवाज होई. लागल्यावर कळ खालीं गेलेली बोटाला कळे आणि गाडी जागची हललेली डोळ्यांना दिसे. सोडवावयाचा असेल तर निराळी युक्ति आठवावी लागत नसे. शिफ्ट नेहमींप्रमाणें दाबली कीं तो आपोआप सुटे. एक दोष मात्र मोठा होता. शिफ्ट अडकली म्हणजे सर्वच कळी दुसऱ्या खिळ्यावर जात. त्यामुळें मोठ्या अक्षरांत पत्ता लिहितांना घराच्या क्रमांकाच्या जागीं अंक न येतां अवतरणचिन्हें, टक्के यांसारखीं चिन्हें उमटत.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगून ठेवतों. रेमिंग्टनच्या आरंभींच्या यंत्रांत दांड्या खालून वर जाऊन रुळाच्या बुडाशीं आघात करीत, त्यामुळें लिहिणाऱ्यास आपण काय लिहिलें तें गाडी उचलल्याशिवाय दिसत नसे. या यंत्रांना पुढें आंधळीं यंत्रें म्हणूं लागले. फ्रान्झ वॅग्नर यांनीं आंखलेलें व १८९० नंतरच्या दशकांत निघालेलें अंडरवुड यंत्र लोकप्रिय झालें त्याचें एक कारण हेंच कीं त्यावर अक्षर उमटतांक्षणीं दिसे, व चूक झाली तर दुसऱ्याच अक्षराला हात थांबे. आज पासवर्डाच्या चौकटीपुढें आपण बसतों तेव्हां आपण पुन्हां त्या आंधळ्या यंत्रापुढें बसलेले असतों.

टाइपरायटरच्या शेजारीं दुसरा एक वंश वाढत होता, तो तारायंत्राचा. दूरमुद्रकाच्या जुन्या संकेतांत प्रत्येक अक्षर पांच खुणांनीं कळवीत. पांच खुणांच्या मांडण्या होतात ३२. त्यांत लहान व मोठीं अक्षरें दोन्ही बसविणें शक्य नव्हतें, म्हणून तारा एकाच वळणाच्या अक्षरांत जात. ही संवय किती दीर्घजीवी ठरली पाहा : अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान खात्यानें आपलीं भाकितें केवळ मोठ्या अक्षरांत देणें सोडलें तें मे २०१६ मध्यें. संगणकांसाठीं आस्की नांवाची जी प्रमाण अक्षरसंहिता १९६३ सालीं ठरली तींतही प्रथम मोठींच अक्षरें होतीं. लहान अक्षरांची भर १९६७ च्या सुधारणेंत पडली. तींत मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५ आणि लहान ‘ए’चा ९७. प्रत्येक अक्षराच्या दोन रूपांत नेमकें ३२ चें अंतर ठेविलें आहे. पूर्वीं जेथें लोखंडी गाडी हलवावी लागे तेथें आतां ३२ मिळवावयाचे किंवा वजा करावयाचे, एवढेंच काम उरलें.

याच सुमारास, दूरमुद्रकांच्या नव्या यंत्रावर, शिफ्ट लॉकहून निराळी अशी केवळ अक्षरांपुरती कळ आली. बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेंत काम केलेले अभियंते डग्लस कर यांनीं तिचें जनकत्व आपल्याकडे घेतलें आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणें वरिष्ठांच्या लेखनिक बाई शिफ्ट लॉक लागल्यामुळें पत्त्यांतील अंकांच्या जागीं चिन्हें उमटतात म्हणून त्रासलेल्या असत. तें पाहून अंकांना न शिवणारी कळ त्यांना सुचली. म्हणजे आज जिला आपण उपद्रवी म्हणतों ती मूळची एक उपद्रव दूर करण्यासाठींच आली. जुना दोष गेला यांत शंका नाहीं. परंतु त्याबरोबर शिफ्ट दाबतांच सुटण्याचा गुणही गेला. कारण कॅप्स लॉक लागलेला असतांना अंकांवरील चिन्हांसाठीं शिफ्ट वापरावी लागते. तिनें कुलूप उघडून कसें चालेल? विंडोजच्या संगणकावर अशा वेळीं शिफ्ट दाबून अक्षर लिहिलें तर तें उलट लहान उमटतें.

आतां जागेचा प्रश्न. आय. बी. एम. कंपनीच्या १९८१ च्या घरगुती संगणकावर कॅप्स लॉक ‘ए’च्या शेजारीं नव्हता. तो खालच्या ओळींत, लांब कळीच्या उजवीकडे होता, आणि ‘ए’च्या डावीकडे कंट्रोल ही कामाची कळ होती. जागा निरुपद्रवी, परंतु कळ चालू आहे कीं बंद हें दाखविणारा दिवा त्या फलकावर नव्हता. दिवे आले ते १९८४ च्या यंत्रावर. त्यानंतर १९८६ च्या सुमारास १०१ कळींचा जो फलक निघाला, आणि जगभरच्या कळफलकांनीं ज्याचा कित्ता गिरविला, त्यांत कॅप्स लॉक ‘ए’च्या शेजारीं आला व कंट्रोल खालच्या कोपऱ्यांत गेली. याला आधार होता. याच कंपनीच्या १९६१ च्या सिलेक्ट्रिक या विजेच्या टाइपरायटरवर शिफ्टचें कुलूप तेथेंच होतें, आणि कचेऱ्यांतील हजारों टंकलेखकांचीं बोटें त्या जागेला सरावलेलीं होतीं. जुन्या सराइतांची सोय झाली. परंतु ज्यांनीं टाइपरायटरला कधीं हात लावला नाहीं त्या पुढच्या पिढ्यांच्या कपाळीं ती जागा कायमची आली. माझ्या मतें सारा प्रमाद येथें झाला. वजन नाहीसें झालें होतें, आवाज नाहीसा झाला होता, शिफ्टनें सुटणें नाहीसें झालें होतें. अशा स्थितींत ती कळ दूर कोपऱ्यांत राहिली असती तरी पुष्कळ होतें. सर्व खुणा काढून घेतल्यावर तिला दुबळ्या बोटाच्या पायवाटेवर आणून बसविलें.

मानसशास्त्रज्ञांनीं या प्रकारच्या चुकीला स्वतंत्र नांव दिलें आहे. डोनाल्ड नॉर्मन यांनीं १९८१ सालीं हातून घडणाऱ्या चुकांचें जें वर्गीकरण प्रसिद्ध केलें त्यांत, यंत्र एका स्थितींत आणि मनुष्य तें दुसऱ्या स्थितींत आहे असें समजून चालतो, असा एक वर्ग आहे. येथें मनुष्याचें ज्ञान कमी नसतें, हात कच्चा नसतो, स्मृतीही शाबूत असते. यंत्राची स्थिति त्याला कळलेली नसते इतकेंच. मॅकिंटॉश संगणकाची कल्पना ज्यांनीं प्रथम मांडली त्या जेफ रास्किन यांनीं २००० सालच्या आपल्या पुस्तकांत यावर मार्मिक भेद केला. शिफ्ट धरून ठेवतांना स्नायूंवर ताण असतो, म्हणून आपण कोणत्या स्थितींत आहोंत याचा विसर पडत नाहीं. कॅप्स लॉक बोट उचलल्यावरही चालू राहतो, म्हणून पडतो. दिवा असला तरी त्याकडे पाहावयाचें सुचलें पाहिजे. जो न पाहतां लिहावयास शिकला त्याची नजर दिव्यावर जाणारच नाहीं.

आपल्या मराठी लेखनाला या कळीची बाधा होऊं नये, असें वाटण्याजोगें आहे. कारण देवनागरींत लहान-मोठीं अक्षरें नाहींत. देवनागरी टाइपरायटरवर शिफ्टची कळ होती ती उरलेल्या अक्षरांना व चिन्हांना जागा मिळावी म्हणून. परंतु आज पुष्कळ मंडळी रोमी अक्षरें दाबून देवनागरी उमटवितात. त्या पद्धतींत लहान ‘टी’चा त होतो व मोठ्या ‘टी’चा ट, लहान ‘एल’चा ल व मोठ्याचा ळ, लहान ‘एन’चा न व मोठ्याचा ण, लहान ‘ए’नें अ येतो व मोठ्यानें आ. आतां कॅप्स लॉक न कळत लागलेला असतां ‘ताल’ हा शब्द लिहून पाहा. त चा ट होतो, शिफ्ट धरून काढलेला काना उलट गळून पडतो, ल चा ळ होतो, आणि पडद्यावर उमटतें ‘टळ’. संगणक आपणांस हांकलून देत आहे कीं काय असें वाटावें!

उपायांकडे वळण्यापूर्वीं एवढेंच सांगतों कीं, आजवर निघालेले बहुतेक उपाय म्हणजे जुन्या खटक्याचा एकेक गुण परत आणण्याचे प्रयत्न आहेत. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशवर ही कळ दाबल्यावर खरोखरच खालीं अडकून राही, म्हणजे बोटाला कळे. याच ॲपल कंपनीनें २००७ पासूनच्या आपल्या पातळ कळफलकांत किंचित् विलंब ठेविला. कळीला ओझरता स्पर्श झाला तर ती चालू होत नाहीं, क्षणभर दाबून धरावी लागते. हा वजनाचाच अवतार. विंडोजमध्यें आवाजाची सोय आहे, तिचें नांव टॉगल कीज. ती मूळ अपंगांच्या सोयीसाठीं विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस केंद्रांत झालेल्या कामांतून आली आणि १९९५ पासून विंडोजच्या अंगचीच झाली. ज्या विस्कॉन्सिनांत टाइपरायटर जन्मला तेथूनच त्याचा हरवलेला आवाज परत यावा, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. सेटिंग्जमध्यें ॲक्सेसिबिलिटी व त्यांत कीबोर्ड हें पान उघडून ही सोय चालू करितां येते. मग कॅप्स लॉक दाबला कीं संगणक आवाज देतो. ज्या घरांत एकाच संगणकावर आजोबा, सून व नातू आळीपाळीनें बसतात तेथें हा उपाय मी पहिला मानतों, कारण त्यानें कोणाचीच संवय मोडत नाहीं. मात्र कळ आधींच चालू असेल तर हा आवाज आपणांस सांगत नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

शिफ्टनें सुटण्याचा जुना गुणही विंडोजमध्यें परत मिळवितां येतो, परंतु तो इतक्या आंत दडविला आहे कीं सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. टायपिंगच्या सेटिंग्जमध्यें ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तेथून भाषा बदलण्याच्या कळींची छोटी चौकट. तींत कॅप्स लॉक कशानें बंद व्हावा असा प्रश्न असून ‘शिफ्ट दाबून’ असा पर्याय आहे. तो निवडला कीं वाक्याच्या आरंभीं शिफ्ट दाबतांच कुलूप आपोआप गळून पडतें. टायपिंगच्या वर्गांतून तयार झालेल्यांस हा फार मानवेल.

आणि ज्यांना या कळीचें तोंडही पाहावयाचें नाहीं त्यांनीं ती निकामी करावी. ॲपलच्या संगणकांत कीबोर्डच्या सेटिंग्जमध्यें मॉडिफायर कीज या जागीं तिच्यापुढें ‘नो ॲक्शन’ निवडलें कीं काम झालें. लिनक्समध्येंही अशी सोय आहे. विंडोजमध्यें दोन मार्ग आहेत व त्यांतला भेद महत्त्वाचा आहे. पॉवरटॉइज नांवाचें मायक्रोसॉफ्टचेंच एक फुकट साधन आहे. त्यांतील कीबोर्ड मॅनेजर कळ निकामी करितो, परंतु तो चालूं लागतो आपण पासवर्ड देऊन आंत गेल्यावर. खरा घात जेथें होतो त्या पहिल्या दाराशीं तो उपयोगाचा नाहीं. दुसरा मार्ग विंडोजच्या रजिस्ट्रींत ‘स्कॅनकोड मॅप’ ही नोंद करण्याचा. प्रत्येक कळीला एक क्रमांक असतो, कॅप्स लॉकचा ५८. तो क्रमांक आला असतां कांहीं करूं नये, अथवा कंट्रोल दाबली असें समजावें, अशी ती नोंद असते. ती दारापासूनच लागू पडते. परंतु रजिस्ट्रींत हात घालणें म्हणजे घड्याळाचें मागचें झांकण उघडणें आहे. जाणत्याकडूनच तें करून घ्यावें.

पासवर्डाच्या वेळीं आणखी दोन आधार आहेत. विंडोज स्वतःच्या दाराशीं कॅप्स लॉक चालू असल्याचा इशारा देतें. आणि चौकटीच्या टोकाला डोळ्याचें चित्र असलें तर तें दाबून ठिपक्यांखालचीं अक्षरें पाहतां येतात. शेजारीं कोणी नसेल तर पहिल्याच चुकीनंतर तो डोळा उघडावा, तिसरीची वाट पाहूं नये. सर्वच बँकांच्या पानांवर ही सोय असते असें मात्र नाहीं. वर्ड या लेखनसाधनांत लागलेल्या कॅप्स लॉकची चूक आपोआप दुरुस्त करण्याची सोय आहे, आणि मोठ्या अक्षरांत लिहून झालेला मजकूर निवडून शिफ्ट व एफ-३ दाबल्यास पुन्हां न लिहितां त्याचें वळण बदलतें.

ही कळ जगांतून हद्दपारच करावी, असेंही म्हणणारे आहेत. बेल्जममधील पीटर हिंटजेन्स यांनीं २००६ सालीं तशी चळवळ उभारली होती, आणि गूगलनें डिसेंबर २०१० मध्यें आपल्या पहिल्या क्रोम संगणकावर त्या जागीं शोधाची कळ बसविली. मला हें टोक पटत नाहीं. पॅन क्रमांक, बँकेच्या शाखेचा आय. एफ. एस. सी. अशा नोंदी मोठ्या अक्षरांत लिहाव्या लागतात, तें काम थोडा वेळ शिफ्ट धरूनही होतें. परंतु ज्याचा एकच हात चालतो त्यानें शिफ्ट धरावी कोणत्या हातानें? अशांना कुलूप हवेंच. त्यांच्यासाठीं स्टिकी कीज नांवाची सोय आहे. शिफ्ट लागोपाठ पांच वेळां दाबली कीं संगणक ती चालू करावी काय असें विचारतो. ती चालू असतां शिफ्ट एकदां दाबून सोडली तर पुढचें एकच अक्षर मोठें येतें, लागोपाठ दोनदां दाबली तर ती अडकून राहते, आणि पुन्हां एकदां दाबली कीं सुटते. हें कुलूप शिफ्टनेंच लागतें व शिफ्टनेंच उघडतें, थेट जुन्या टाइपरायटरप्रमाणें. मात्र तें लागलेलें असतांना घराचा क्रमांक लिहूं गेलें तर पुन्हां अंकांच्या जागीं चिन्हें उमटतात.